निवेदन : रसमडा कार्यालयातील सर्व्हर, वीज व बॅकअपबाबत

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मुख्य कार्यालय, नागपूर

विषय : रसमडा कार्यालयाची सर्व्हर व नेटवर्क व्यवस्था आहे त्या निधीतच, पण योग्य क्रमाने करून मिळण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची पत्रे व स्मरणपत्रे.

महोदय,

आमच्या पत्रांना बहुतेक वेळा "नव्या सर्व्हरसाठी तरतूद नाही" असेच उत्तर मिळाले आहे. मार्चअखेर झाली की पाहू असे सांगितले, मार्च गेला. वार्षिक सभेनंतर पाहू असे सांगितले, सभाही झाली. महोदय, आम्ही महागडा सर्व्हर मागितलेलाच नाही. पतसंस्थेच्या सहा संगणकांच्या कार्यालयाला तो लागतही नाही. आमची पहिली मागणी विजेची आहे.

रसमड्याच्या औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, भट्ट्या आहेत. आजूबाजूचा भार चढला की काउंटरवरचे दिवे मंद होतात आणि त्याच क्षणी सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सध्याचा युपीएस साधा आहे. वीज असेपर्यंत तो लाइनची वीज जवळपास तशीच पुढे देतो, त्यामुळे चढउतार थेट सर्व्हरपर्यंत पोहोचतात. ऑनलाइन युपीएस आलेली वीज आधी डीसी करतो आणि त्यातून नवी, स्थिर वीज बनवून देतो. येथे तोच हवा. अर्थिंगची अवस्था त्याहून वाईट आहे. दुर्गच्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तेव्हा 18 व्होल्ट दाखवले. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवे. उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो आणि पाणी ओतून दिवस ढकलावे लागतात.

याचा फटका नेमका पगाराच्या दिवसांत बसतो. पाळी सुटली की कारखान्यातले सभासद रांग लावतात. त्यांत गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेली कुटुंबेही आहेत. नोंद होता होता सर्व्हर बंद पडला तर डेटाबेस बिघडतो, दुरुस्ती चालू असेपर्यंत पासबुक भरता येत नाही आणि हप्ता भरलेल्या माणसाला हातात पावती मिळत नाही. दैनिक ठेव गोळा करणारे प्रतिनिधी आपापली यंत्रे घेऊन ताटकळतात. रोजकीर्द जुळवून दिवसअखेर करायला रात्र होते. "माझे पैसे जमा झाले ना?" असे सभासद विचारतो, तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला खात्रीने हो म्हणता येत नाही. पतसंस्थेत याहून मोठी नामुष्की कोणती?

ऑनलाइन युपीएस मंजूर झाल्याचे आपले पत्र आमच्या फाइलला आहे. तो युपीएस रसमड्याला आलाच नाही. दुसऱ्या शाखेची गरज तातडीची होती, पुढच्या खेपेस तुमचा नक्की, असे फोनवर कळवण्यात आले. ती खेप अद्याप आलेली नाही.

आता धुळीचे. सर्व्हर म्हणजे काउंटरखाली ठेवलेला जुना संगणक. त्याची कॅबिनेट उघडली की पंख्याच्या पात्यांवर काळी पूड थापलेली दिसते. चुंबक जवळ नेला तर ती त्याला चिकटते, म्हणजे तीत लोखंड आहे. कोळशाची भुकटीही तीत असतेच आणि लोखंडाच्या कणांतून वीज वाहते. अशी पूड मदरबोर्डवर बसू देणे धोक्याचे आहे. आतली बंद खोली रिकामी आहे. सर्व्हर तेथे हलवावा; लहान एसी आणि दाराला रबरी पट्टी एवढे पुरेल.

बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर घेतला जातो आणि रोखपाल तो घरी नेतात. त्या प्रतीवरून सर्व माहिती खरोखर परत उभी राहते का, हे एकदाही तपासून पाहिलेले नाही. 31 जुलै 2024 रोजी एका तंत्रसेवा पुरवठादारावर खंडणीच्या विषाणूचा हल्ला झाल्याचे समोर आले आणि देशातील सुमारे 300 लहान बँकांची पैसे पाठवण्याची सेवा थांबवावी लागली. असा हल्ला येथे झाला तर बॅकअपची प्रतच कामी येईल, आणि धोका आम्हालाही आहे, कारण आमच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर 2012 आर2 आहे, ज्याचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 रोजीच संपला.

म्हणून खर्चाचा क्रम असा धरावा : आधी अर्थिंग आणि ऑनलाइन युपीएस, मग बॅकअप, सर्व्हर शेवटी. सर्व्हर म्हणून चांगला टॉवर संगणक, दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतील अशा, आणि चालू आवृत्तीचा परवाना पुरे. मात्र दोन डिस्क लावल्या म्हणजे बॅकअप झाला असे कृपया धरू नये. चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून पुसली जाते. बॅकअपसाठी वेगळा जुना संगणक चालेल. त्यावर लिनक्स आणि साम्बा ही मोफत सॉफ्टवेअर टाकली तर परवान्याचा खर्च शून्य. याशिवाय एक हार्ड डिस्क कार्यालयाबाहेर, जोडणी तोडून ठेवावी आणि दर तिमाहीस माहिती परत उभी करून पाहावी.

नेटवर्कची केबल विजेच्या पाइपातून काढून वेगळी टाकावी. सीसीटीव्ही वेगळ्या स्विचवर घ्यावा. किरकोळ दुरुस्ती दुर्गच्या कारागिराकडून करून घेण्याची परवानगी असावी. नागपूरचा माणूस येईपर्यंत काम अडून राहते.

येत्या पगाराच्या तारखेपूर्वी अर्थिंग व ऑनलाइन युपीएसचा लेखी आदेश मिळावा आणि या वेळी सामान रसमड्याच्याच नावाने निघावे, ही आग्रहाची विनंती. फोनवरील आश्वासन आम्ही यापुढे उत्तर म्हणून धरणार नाही.

आपले विश्वासू,
रसमडा कार्यालयातील सर्व कर्मचारी

प्रत माहितीस्तव : मा. अध्यक्ष व संचालक मंडळ