तयारी आणि बेगमी

कोणाही परिचिताच्या घरी जावे, मुलाची वा मुलीची विचारपूस करावी आणि 'तयारी करतो आहे' एवढेच उत्तर मिळावे, हा अनुभव या सरत्या वर्षात इतक्या वेळा आला की त्याविषयी लिहिल्यावाचून यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देणे आम्हांस अशक्य झाले. तयारी कशाची, हे सांगण्याची आवश्यकता आता कोणास वाटत नाही आणि विचारण्याचीही नाही. कारण स्पर्धा परीक्षेवाचून दुसरी तयारी असू शकते, हेच आपल्या मध्यमवर्गाच्या आणि आताशा शेतकरी कुटुंबांच्याही स्मरणातून जाऊ लागले आहे.

वस्तुतः तयारी ही आपल्याकडे प्राप्तीची गोष्ट होती. गवयाची तयारी त्याच्या गळ्यात वसते. मैफल रद्द झाली म्हणून ती नाहीशी होत नाही. शेतकरी वैशाखाच्या उन्हात जमीन नांगरून तापू देतो, तेव्हा मृग कोरडा जाण्याचे भय त्याला असतेच. परंतु मातीतील किडींचे कोष उन्हाने मरतात आणि ढेकळे भुसभुशीत होतात, हा लाभ पाऊस लांबला तरी त्याच्या पदरी राहतो. याच्या उलट, पुण्याच्या सदाशिव पेठेत वा नवी पेठेत अभ्यासिकेतील एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने घेऊन, खाणावळीच्या डब्यावर पंचविशीपासून पस्तिशीपर्यंतची वर्षे काढणाऱ्या तरुणास, यादीत नाव न आल्यास, आपण काहीच मिळवले नाही असे वाटावे, किंबहुना समाजाने त्याला तसे वाटावयास लावावे, ही आमची खंत आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाच 38 वर्षे; पूर्व, मुख्य आणि मुलाखत या तीन पायऱ्यांपैकी कोठे पाय निसटेल याचा भरवसा नाही; आणि 14 मार्च 2021 रोजी मुक्रर झालेली पूर्व परीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा ती मुले पुण्याच्या रस्त्यावर का उतरली, हे ज्याला उमगले नाही त्याने त्यांच्या श्रमाविषयी मत देऊ नये.

परंतु आमचा आक्षेप केवळ वेळापत्रकापुरता नाही. ज्या पदाकरिता ही तयारी चालते, त्या पदाच्या कामाशी तिचा संबंध किती उरला आहे, हा खरा प्रश्न आहे. शिवछत्रपतींनी 1670 च्या दशकाच्या पूर्वार्धात चिपळूणनजीक हलवर्ण येथील छावणीच्या अंमलदारांस धाडलेले पत्र प्रत्येक उमेदवाराने वाचावे. पावसाळ्याकरिता केलेली दाणावैरणीची बेगमी आताच मनास येईल तशी उधळाल, तर ऐन पावसात घोडी मरतील. मग लोक कुणब्याच्या घरी दाणा, गवत, फाटी, भाजी मागू लागतील आणि रयतेस तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्यातील इशारा आहे. आणि त्याच पत्रात, रात्री जळता ठेवलेल्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, इतकी बारीक सूचनाही आहे. उंदरापासून रयतेच्या मनापर्यंत जिची दृष्टी पोहोचते, तिला आम्ही राज्यकारभाराची तयारी म्हणतो. चार पर्यायांतून एक खूण करण्याच्या सरावाने ती दृष्टी येत नाही.

2025 मध्ये मराठ्यांचे 12 दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले, त्याचा आनंद आम्हांस आहे. मात्र त्या दुर्गांचे सामर्थ्य तटबंदीइतकेच पाण्याच्या टाक्यांत आणि धान्याच्या कोठारांत होते, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून नेली, तेव्हा आगाऊ तरतुदीचे मोल पुन्हा एकदा कळले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरही त्याच वर्षी गेले. विज्ञान मराठीत सांगता यावे म्हणून त्यांनी जन्मभर जी सिद्धता केली, तिचा वारसा सांभाळणे आपणा सर्वांस बंधनकारक आहे.

प्रस्तुत अंकात गायकांची तालीम, उन्हाळी मशागत, वैद्यकातील पूर्वकर्म आणि नाटकाची तालीम यांवर जाणत्यांचे लेख आहेत. आमच्या वाचकांस ते कथा-कवितांइतकेच रुचतील याविषयी शंका नाही. आयोगाने तारखा जाहीर कराव्यात आणि पाळाव्यात, निवड झालेल्यांच्या नेमणुका रखडवू नयेत, ही मागणी आम्ही येथे नोंदवतो. एक मागणे गावकऱ्यांकडेही आहे. राज्यघटना, इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र वर्षानुवर्षे वाचलेला तरुण गावी परतला, तर ग्रामसभेत त्याला बोलू द्यावे, पंचायतीचा जमाखर्च त्याच्याकडून तपासून घ्यावा, शाळेत त्याला शिकवू द्यावे. यादीत नाव नसल्याने त्याचे ज्ञान रद्द होत नाही. ते वापरण्याची तजवीज मात्र गावाने केली पाहिजे.