नाथ पैंनी काय केलं, असं विचारणाऱ्यांना

एक रस्ता विजयदुर्गाकडे आणि एक गगनबावड्याच्या घाटाकडे फुटतो, त्या तळेऱ्याच्या तिठ्यावर निवडणुकीची चर्चा रंगली की बॅ. नाथ पैंचं नाव निघतंच. आणि पाठोपाठ शेरा येतो : "भाषणं झकास, पण केलं काय?"

या आक्षेपाचा निकाल लवकर लागतो. 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही वेळा ते राजापूर मतदारसंघातून निवडून आले, तेही विरोधी पक्षातून. मंत्रिपद कधी नव्हतं, आणि खासदार निधीची योजना तर 1993 सालची. रस्ते-साकवांच्या मापाने त्यांना मोजणं हा सरळ अन्याय आहे.

दुसरा आक्षेप मात्र जाणत्यांचा. नाथ पैंनी 1967 मध्ये मांडलेल्या घटनादुरुस्ती विधेयकाने इंदिरा गांधींना वाट दाखवली आणि त्यातूनच आणीबाणीतली 42 वी दुरुस्ती आली, असं ते म्हणतात.

आधी तारखा पाहू. 27 फेब्रुवारी 1967 ला गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ठरवलं की यापुढे संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. तेव्हा मालमत्तेचा हक्कही मूलभूत होता, आणि हा खटला उभा राहिला होता पंजाबातल्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यावरून. सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागावं यासाठी मामलेदार कचेरीच्या खेपा घालणाऱ्या माणसांनी ज्याला दिल्लीला धाडलं, त्याने अशा वेळी गप्प बसायला हवं होतं का? कालच्या पिढीने आजच्या पिढीला कायमचं बांधून ठेवू नये, हे थॉमस जेफर्सनने 1789 मध्येच मॅडिसनला पत्रातून कळवलं होतं. नाथ पैंचा आग्रह याच जातीचा होता : घटना बदलण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींचा.

त्यांच्या हयातीत विधेयक मंजूर झालं नाही. 18 जानेवारी 1971 ला बेळगावात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं 48. संसदेला हा अधिकार देणारी 24 वी दुरुस्ती त्यानंतरची. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने गोलकनाथ निकाल फिरवला आणि मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते हे मान्य केलं. अट एकच घातली : घटनेची मूलभूत चौकट मोडायची नाही. ही अट नाथ पैंच्या विधेयकात नव्हती, ती न्यायालयाची देणगी. संसदेच्या विवेकावर त्यांनी जरा जास्तच भरवसा ठेवला, असं माझंही मत आहे. पण 42 व्या दुरुस्तीचं पाप त्यांच्या माथी मारणाऱ्यांनी 44 वी दुरुस्तीही वाचावी. 1978 मध्ये जनता सरकारने घटनादुरुस्तीचंच हत्यार वापरून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली.

दर 18 जानेवारीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्या विधेयकावरची चर्चा लोकसभेच्या कामकाजात छापलेली आहे. कणकवली तालुक्यातल्या वाचनालयांनी ती मराठीत आणून आमच्या कॉलेजच्या मुलांच्या हाती द्यावी.