संशोधन अर्धवट राहू नये

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

आज आपली एखादी लेक लोहाच्या ऑक्साइडच्या चुंबकीय नॅनोकणांवर पीएच.डी. करू पाहते. हे कण रक्तात सोडले की यकृताच्या निरोगी भागातील पेशी ते गिळतात. एमआरआयच्या चित्रात तो भाग काळवंडतो आणि कर्करोगाची गाठ उजळ दिसते. असे कण घडविणे, त्यांची निर्धोकता पारखणे यांत वर्षे जातात. घर विचारते, ‘नोकरी केव्हा?’ हा प्रश्न उपाशी पिढ्यांचा आहे. आम्ही त्यास हसत नाही. परंतु शिष्यवृत्ती संपल्यावर प्रबंध पुरा होईपर्यंतचा भार माजी विद्यार्थ्यांनी व समाजाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. विहारासाठी आपण वर्गणी देतो; प्रयोगशाळेतील लेकीसाठीही द्यावी.

जयभीम!