आगोटीची टोपली आणि तज्ज्ञांचा अहवाल

समुद्रातली मासळी वाचवण्याचा विषय बैठकीत निघाला, की आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, "तो किनाऱ्यावरच्या कोळणींचा प्रश्न. आपण कर्जत-खालापूरच्या, आपला काय संबंध?" दुसऱ्या काही म्हणतात, "शास्त्रज्ञांचं ज्ञान म्हणजे सरकारच्या हातातलं हत्यार. बायकांचं पारंपरिक ज्ञान पुरेसं आहे." ही दोन्ही मतं चुकीची आहेत आणि चळवळीला महागात पडणारी आहेत.

आधी संबंधाचं बोलू. पाऊस तोंडावर आला की आपल्या बाजारांत आगोटीची खरेदी होते. सुकट, जवळा, बोंबील. भातलावणीच्या दिवसांत कातकरी-ठाकरांच्या घरात भाकरीबरोबर पोटात जाणारं सकस अन्न ते हेच. बोंबील महागला की पहिला तुकडा कमी होतो तो बाईच्या पानातला. शिवाय उल्हास कर्जतमधून वसईच्या खाडीला जाते आणि पाताळगंगा खालापूरच्या कारखान्यांजवळून धरमतरच्या खाडीला. आपण समुद्रापर्यंत जात नसू, आपलं सांडपाणी जातं.

आता ज्ञानाचं. महाराष्ट्र सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी पकडायची नाही. पापलेटला 135 मिलिमीटर, बोंबलाला 180. हे आकडे कुणा साहेबाच्या मनात आले म्हणून ठरले नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींचा त्यांना आधार आहे. संस्थेची माणसं बंदरांवर मासळी मोजतात, चिरतात, गाबोळी तपासतात. कुठल्या लांबीला मादी पहिल्यांदा अंडी धरते, कुठल्या महिन्यात धरते, हे वर्षानुवर्षं नोंदवतात. एकदा तरी वीण होण्याआधी मासा जाळ्यात गेला, तर पुढच्या सालची मासळी कुठून येणार? त्यासाठी हा आकार.

विळीवर मासे कापणाऱ्या कोणत्याही बाईला गाबोळीचा महिना विचारा, ती सांगेल. मग शास्त्रज्ञ कशाला? कारण तिला तिच्या बाजारातली मासळी दिसते, सगळ्या किनाऱ्यावरची नाही. आणि तिचं म्हणणं कचेरीत कुणी ऐकत नाही, आकडा ऐकावा लागतो. पर्ससीन जाळ्यांनी मासळी ओरबाडली जाते हे पारंपरिक मच्छीमार किती वर्षं ओरडून सांगत होते! डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल 2012 मध्ये आला, आणि त्याच्या आधारावर 5 फेब्रुवारी 2016 ला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. अहवाल हातात असूनही चार वर्षं लागली. तो नसता तर?

अज्ञान सगळ्यात जास्त गरिबालाच नडतं. जवळा घ्या. तो मुळातच बारीक, पूर्ण वाढला तरी बारीकच. ते कोळंबीचं पिल्लू नव्हे. जातवार यादी न समजणारा अंमलदार 'लहान मासळी' म्हणून उद्या कुणाचीही टोपली उचलू शकेल. तेव्हा तिला वाचवील ते शास्त्रच.

पण म्हणून तज्ज्ञांपुढे हात जोडून उभं राहायचं नाही. नियम कागदावर सारखा असला, तरी पाटीवालीला दटावणं सोपं असतं आणि मोठ्या बोटीच्या मालकाला अडवणं अवघड. 'मच्छीमार' म्हटलं की अजूनही डोळ्यांपुढे पुरुष येतो. मासळी निवडणारी, वाळवणारी, विकणारी बाई मोजणीत येत नाही, म्हणून बंदीच्या काळातल्या तिच्या बुडालेल्या रोजाचा हिशेबही होत नाही. हा दोष विज्ञानाचा नाही. विज्ञान कुणाला प्रश्न विचारतं आणि कुणाला विचारत नाही, याचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. किमान आकाराची यादी सोप्या मराठीत, चित्रांसह, बंदरावर आणि आठवडे बाजारात लावा. कारवाई आधी जाळ्यांवर आणि बोटींवर करा, टोपलीवर नंतर. मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांना सल्लागार समित्यांत जागा द्या, त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी घ्याव्यात. पाताळगंगेच्या आणि उल्हासच्या पाण्याचे तपासणी अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

आपण पोषणाच्या बैठकांत लोह आणि प्रथिनं शिकवतो. त्याच बैठकीत आकाराचा तक्ता का नको? पुढच्या आगोटीआधी प्रत्येक गटाने ती यादी मत्स्यव्यवसाय खात्याकडून मागून घ्यावी आणि बाजारातल्या सुकटवालीबरोबर बसून वाचावी. तिला खटकेल ते लिहून खात्याला पाठवावं, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.