आकाशातला बिंदू आणि वस्तीतली हद्द

पुणे-सोलापूर महामार्गावरचे मोडनिंब हे माढा तालुक्यातले गाव. महामार्ग चौपदरी झाला आणि रस्त्यालगतच्या गुंठ्यागुंठ्याला भाव आला. जमिनीला भाव आला की हद्दीचे भांडण आलेच. पूर्वी मोजणीदार साखळी घेऊन यायचा, मग प्लेन टेबल आला. आता काठीच्या टोकावर बसवलेले रोव्हर नावाचे यंत्र आले आहे. ते उपग्रहाकडून जागा विचारते आणि सेंटिमीटरपर्यंत सांगते. त्यामुळे आता वादच उरणार नाही, असे आपल्याला सांगितले जाते. आमचा यंत्राला विरोध नाही. पण यंत्र कशाने अचूक होते आणि कुठे चुकते, हे आपल्या समाजाला ठाऊक नसेल, तर उद्या यंत्राचेच नाव पुढे करून आपली हद्द सरकवली जाईल.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून निघालेला संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो. यंत्र त्या संदेशाच्या सांकेतिक ओळीची स्वतःची नक्कल तयार करते आणि आलेल्या ओळीशी जुळेपर्यंत ती मागेपुढे सरकवत राहते. किती सरकवावी लागली, यावरून संदेशाला लागलेला वेळ कळतो आणि वेळेवरून अंतर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. नुसत्या या जुळणीवर काही मीटरपर्यंतच पोहोचता येते. सेंटिमीटर गाठायचे तर संदेश वाहून आणणारी रेडिओलहर पकडावी लागते. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हा आकडा पक्का ठरला की पडद्यावर ‘फिक्स’ असे दिसते. पक्का ठरला नाही तर ‘फ्लोट’ दिसते. हे दोन शब्द आपण पाठ करून ठेवले पाहिजेत.

मग चूक होते कुठे? संदेश पत्र्यावर, भिंतीवर आपटून यंत्रात शिरला तर तो लांबून आलेला असतो, आणि यंत्राला सरळ आलेला कोणता व आपटून आलेला कोणता हे नीट ओळखता येत नाही. झाडाच्या दाट पानांतून आलेला संदेश तुटतो, लहरींची मोजदाद मध्येच सुटते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातूनही संदेश उशिरा येतो आणि आपल्याकडे भर दुपारी हा थर अधिक दाट असतो. यावर उपाय निघाले आहेत. एकाऐवजी दोन-तीन वारंवारतांवर संदेश घेतात. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू आणि आपल्या ‘नाविक’चे उपग्रह धरतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतीय बनावटीचे आण्विक घड्याळ बसवले गेले. राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ स्थिर केंद्रे आहेत. त्यांची जागा आधीच ठाऊक असल्याने चूक किती आली ते तेथे कळते आणि रोव्हरला दुरुस्ती पाठवली जाते. हे सारे स्वागतार्हच आहे.

परंतु मोकळ्या माळावर, दहा एकरांच्या बागायतीत यंत्राला आभाळ उघडे मिळते. आपल्या वस्तीत बोळ अरुंद, घराला घर चिकटलेले, वर पत्रे, कडेला लिंबाचे झाड. म्हणजे यंत्र चुकण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच आपण राहतो. आणि चुकीचा भारही सारखा पडत नाही. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. त्याची एक बाजू अर्धा मीटर सरकली तर विसावा हिस्सा गेला. दहा एकरांच्या चौकोनी शेताची बाजू तेवढीच सरकली तर चारशेवा हिस्सा जातो. बागायतदाराचा बांध हलतो. आपली मोरी, आपला ओटा, आपली भिंत जाते.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. आधी जमिनीवर चुन्याने हद्द आखतात, मग वरून छायाचित्र घेतात. ड्रोन चुन्याची रेघ पाहतो. ती रेघ आखताना कोण हजर होते आणि कोण मजुरीला गेले होते, हे त्याला दिसत नाही.

मोजणीचा इतिहासही आपल्याला हेच सांगतो. १८३० च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची पद्धत बसवली. साखळी अचूक होती; पण कसणाऱ्या अस्पृश्याचा हक्क त्या साखळीत मावला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते वतनाच्या जोखडातून महारांना सोडवण्यासाठी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तोही हक्कासाठीच. आजही वतनाच्या जमिनी सामाईक सातबाऱ्यावर डझनभर नावांनी अडकल्या आहेत. गायरान कसणाऱ्याला १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. बांध आज कुठे आहे हे रोव्हर सांगेल. तो कोणाच्या बापाने कधी घातला हे सांगणार नाही.

म्हणून मोडनिंब असो वा अन्य कोणतेही गाव, आपल्या शिकलेल्या तरुणांनी मोजणीच्या दिवशी मजुरी बुडवूनही हजर राहावे. नोटीस कोणाकोणाला मिळाली ते पाहावे. यंत्र ‘फिक्स’वर आहे की ‘फ्लोट’वर, हे विचारावे. झाडाखालच्या वा भिंतीलगतच्या खुणेचे वाचन थोड्या वेळाने पुन्हा घ्यायला लावावे आणि दोन्ही आकडे जुळतात का ते वहीत लिहावे. जिथे आभाळच दिसत नाही, तिथे मोकळ्या जागेतल्या पक्क्या बिंदूपासून फितीने मोजून मागावे. पटले नाही तर लेखी हरकत द्यावी. निमताना मोजणीचा मार्ग उघडा आहे. आणि जुने टिपण, फाळणी, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे आजच गोळा करून ठेवावेत.

यंत्र कोणाचा पक्ष घेत नाही, हे खरे. पण जो त्याच्याजवळ उभा राहून प्रश्न विचारतो, त्याच्या जमिनीवर ते काळजीपूर्वक चालवले जाते. तिथे आपण उभे असले पाहिजे.