खेकड्याचे बीळ आणि आपला बांध

मृगाचा पाऊस होऊन ओढ्याला पाणी आले, की गोदाकाठच्या आणि दुधना-पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत पोरे रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरायला निघतात. मग उन्हाळाभर हा प्राणी असतो कुठे? असतो तो ओढ्याच्या काठात, पाटाच्या कडेला, आपल्याच बांधात, जमिनीखाली.

समुद्रातली चिंबोरी आणि आपला खेकडा हे नातलग. दोघेही श्वास घेतात कल्ल्यांनी, आणि कल्ले ओले राहिले तरच जगतात. म्हणून पाणी आटू लागले, की ओल जशी खाली जाईल तसा खेकडाही उकरत खाली जातो. उकरलेला चिखल गोळ्या करून तोंडाशी आणून टाकतो. ताज्या गोळ्या दिसल्या, की धनी घरात आहे असे समजावे.

वाढताना त्याला जुने कवच टाकावे लागते. नवे कवच टणक होईपर्यंत मऊ अंगाने तो बिळातच दडून राहतो. चिंबोरीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर पाण्यात तरंगत, रूप पालटत वाढतात. आपल्या खेकड्याची मादी मात्र अंडी पोटाखाली बाळगते. त्यातून थेट इवले खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाला बिलगून राहतात. अशी लेकुरवाळी मादी सापडली तर सोडून द्यावी.

आता मुद्द्याची गोष्ट. खेकड्याने बांध फुटतो का? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. पण धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. बीळ आरपार गेले, तर त्यातून पाणी वाहते, पाण्याबरोबर माती जाते आणि भोक वाढत जाते, हे खरे. शेताचा लहान बांध असाच खचतो. परंतु हे एका रात्रीत होत नाही. आधी ओल दिसते, मग झिरपा, मग गढूळ पाणी. गढूळ पाणी म्हणजे आतली माती चालली, हे ओळखावे.

तेव्हा पावसाळ्याआधी सगळे बांध आणि चाऱ्या फिरून पाहाव्यात. बिळाच्या तोंडात नुसता दगड ठोकून भागत नाही. बीळ शेवटपर्यंत उकलावे, ओलसर माती थराथराने भरावी आणि प्रत्येक थर धुमसाने चोपावा. बिळात औषध मात्र ओतू नये. ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि विहिरीत उतरते. त्याने मासे मरतात आणि तेच पाणी आपली जनावरे पितात. धरणाच्या किंवा कालव्याच्या भरावात बीळ दिसले, तर स्वतः उकरू नये. पाटबंधारे कचेरीत लेखी कळवावे.

उकरणे हा खेकड्याचा स्वभाव आहे. तो दरसाल उकरणारच. बांधावर दरसाल नजर ठेवणे हे आपले काम.