कामाची जागा आणि माणसाचे मन

घर बांधताना माणूस वारा पाहतो, उजेड पाहतो. देवघर कोठे, स्वयंपाकघर कोठे, याचा दहादा विचार करतो. परंतु ज्या जागेत तो दिवसाचे आठ-दहा तास घालवतो, त्या कामाच्या जागेविषयी त्याचे मत सहसा कोणी विचारत नाही. टेबल जेथे ठेवले असेल तेथे बसायचे, पंखा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा वारा घ्यायचा, आणि खिडकी साहेबांच्या खोलीत असते हे गृहीत धरायचे, अशी आपल्याकडची रीत आहे.

अलीकडे ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. कचेऱ्यांच्या भिंती रंगवल्या जातात, कोपऱ्यात कुंड्या येतात, कोठे कोठे कॅरमही मांडला जातो. या शोभेविषयी माझ्या मनात आकस नाही. पण माझे म्हणणे असे की, येथे खरा प्रश्न शोभेचा नसून अधिकाराचा आहे. आपल्या जागेविषयी माणसाला स्वतःला किती ठरवता येते, यावर त्याचे मनःस्वास्थ्य बरेचसे अवलंबून असते.

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हर्मन मिलर या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीतील संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट याने कचेरीतील माणूस काम कसे करतो, याचा बारकाईने अभ्यास केला. ओळीने मांडलेली टेबले आणि त्यांवर पाळत ठेवणारा साहेब, हे चित्र त्याला मोडायचे होते. १९६८ साली त्याच्या कल्पनेतून जी मांडणी बाजारात आली, तीत हलवता येणारे आडोसे आणि निरनिराळ्या उंचीवर बसवता येणारी टेबले होती. ज्याने त्याने कामाप्रमाणे आपली जागा घडवावी, कधी बसून तर कधी उभ्याने काम करावे, हा त्यामागचा हेतू. पण मालकांना त्यात दिसली ती जागेची बचत! तेच आडोसे काटकोनात जोडून चौकोनी खुराडी तयार झाली आणि असंख्य कर्मचारी त्यांत बसू लागले. २००० साली निधन होण्यापूर्वी खुद्द प्रॉप्स्टनेच या प्रकाराला वेडेपणा ठरवले होते. सामान तेच राहिले. ते हलवण्याचा अधिकार तेवढा काम करणाऱ्याच्या हातून गेला.

मग खुराड्यांना कंटाळून आडोसेच काढून टाकण्याची टूम निघाली. एका मोठ्या दालनात सर्वांनी बसावे, म्हणजे संवाद वाढेल, असे सांगण्यात आले. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी असा बदल करणाऱ्या दोन बड्या अमेरिकन कंपन्यांची पाहणी करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरासमोरचे बोलणे वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते आणि माणसे ईमेलच्या आड गेली होती. यात नवल ते काय? चारी बाजूंनी नजरा लागल्या असता कोण मोकळेपणाने बोलेल?

यावर कोणी म्हणेल, “हे सारे मनाचे चोचले आहेत. आमचे वाडवडील मिणमिणत्या दिव्याखाली काम करीत होते.” त्यांच्यासाठी आणखी एक दाखला देतो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील नोंदी तपासून रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, केवळ विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णालय म्हणजे कचेरी नव्हे, हे मान्य. पण डोळ्यांसमोर काय आहे याची दखल शरीरसुद्धा घेते, एवढे तरी यावरून मानायला हरकत नसावी.

परंतु आपल्याकडे खिडकी फार दूरची गोष्ट. पुष्कळांना बसायला स्टूलही नसते. माझी थोरली बहीण काही वर्षे एका मोठ्या कापड-दुकानात कामाला होती. दुकान आतून आरशांनी आणि दिव्यांनी झगमगत असे. गिऱ्हाइकांसाठी गाद्या होत्या, पण विकणाऱ्या मुलींनी गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, असा दंडक होता. रात्री घरी आल्यावर तिचे पाय सुजलेले असत. “पायांचं काही नाही रे, पण दिवसभर कुणीतरी शिक्षा केल्यासारखं वाटतं,” असे ती म्हणे. जागेची रचना माणसाच्या मनाशी काय बोलते, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा तिच्या या वाक्यातून अधिक कळले.

उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय करावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्ट म्हटले होते. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे! केरळात कोळिकोड येथील मिठाई तेरुवु या बाजारपेठेतील विक्रेत्या स्त्रियांनी ‘पेन्कूट्टू’ ही संघटना उभारून बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ साली केरळने आणि २०२१ साली तमिळनाडूने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. कारखान्यातील कामगाराला जे १९४८ साली मिळाले, ते कागदावर येण्यासाठी केरळातील दुकानात राबणाऱ्या बाईला ७० वर्षे थांबावे लागले. एका स्टुलाची किंमत ती काय! पण ते देणे म्हणजे समोरची व्यक्ती थकते, हे कबूल करणे होय. ती कबुलीच मालकाला जड जाते.

म्हणून मला वाटते, कार्यालय वा दुकान सजवण्यापूर्वी मालकाने तेथे काम करणाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत. तुम्हाला बसायला मिळते का? उजेड आणि वारा पुरेसा आहे का? घटकाभर कोणाच्या नजरेत नसाल असा एखादा कोपरा आहे का? आणि आपले टेबल, खुर्ची, दिवा आपल्या सोयीने हलवण्याची मुभा आहे का? याला फार पैसा लागत नाही. ही उत्तरे मिळाल्यावर भिंतींना रंग कोणताही द्या.

आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडणारे कोणी उद्या काउंटरमागे उभे राहतील, तर कोणी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतील. जे खुर्चीत बसतील त्यांनी, समोर कोण उभे आहे आणि किती वेळापासून उभे आहे, याकडे एकदा जरूर पाहावे.